मुलांच्या गावी गेलेले आईबाप आणि त्यांची प्रवासवर्णने

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठी प्रवासवर्णनाची एक नवी पोटशाखा उदयास आली आहे. तिला अद्याप कोणी नाव दिलेले नाही आणि समीक्षकांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलेले नाही. निवृत्तीनंतर मुलाच्या किंवा मुलीच्या घरी, परदेशात, बहुधा अमेरिकेत, चार-सहा महिने राहून आलेल्या दांपत्याने परतल्यावर लिहिलेले वृत्त, ही ती शाखा. दिवाळी अंकांत, ज्येष्ठ नागरिक संघांच्या स्मरणिकांत, स्वखर्चाने छापलेल्या ऐंशी-शंभर पानी पुस्तकांत आणि आमच्यासारख्या छोट्या नियतकालिकांच्या टपालात हे लेखन विपुल आढळते. नांदेड-लातूर परिसरातून आमच्याकडे येणाऱ्या मजकुरात कवितांच्या खालोखाल संख्या याच लेखांची असते. ते वाचताना, क्वचित छापताना आणि पुष्कळदा परत करताना जे विचार मनात आले ते येथे मांडीत आहोत. लेखकांची नावे अर्थातच देणार नाही. त्यांपैकी काही जण दर रविवारी मिस्साला पहिल्या बाकावर बसतात.

या लेखांचा साचा ठरून गेला आहे. आरंभी पारपत्र, मग मुंबईच्या वकिलातीत झालेली मुलाखत. पुढे तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांत काय भरले त्याची यादी: काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, ज्वारीचे पीठ आणि सहा महिन्यांच्या रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या. विमानतळावर चाकाची खुर्ची मागून घेतल्याची गंमत. पोहोचल्यावर रस्त्यांची स्वच्छता, भोंग्यांचा अभाव, अनोळखी माणसाने केलेले स्मितहास्य. भाकरी भाजताना धुराची घंटा वाजल्याचा प्रसंग एकाही लेखातून सुटत नाही. मग शनिवार-रविवारच्या सहली: स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, लास व्हेगासचे दिवे, ग्रँड कॅन्यन आणि निळा रेनकोट घालून बोटीतून पाहिलेला नायगारा. शेवटी, 'नातवंडांच्या सहवासात वेळ कसा गेला ते कळलेच नाही' हे वाक्य आणि परतीचे विमान.

या शेवटच्या वाक्याशी आमचे भांडण आहे. वेळ कसा गेला ते कळले नाही, असे ज्या माणसाला वाटते त्याच्यापाशी लिहिण्यासारखे काही उरत नाही. आणि आम्हांला ठाऊक आहे की वेळ कसा गेला ते त्यांना पुरते कळले होते. दुपारी दीड ते साडेचार हा वेळ तर घड्याळाच्या काट्याकाट्याने कळला होता. लेखात तो येत नाही, एवढेच.

आक्षेप मांडण्यापूर्वी या लेखनाच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हणणे न्यायाचे ठरेल. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गाला विलायतेची सवय दीडशे वर्षांची आहे. आमच्या भागाचे तसे नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा निजामाच्या संस्थानात होता. उच्च शिक्षणासाठी जायचे ते हैदराबादला, आणि तेथे उस्मानिया विद्यापीठात शिकायचे ते उर्दूतून. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले ते १९५८ साली. ज्या दांपत्यांविषयी आम्ही बोलतो आहोत त्यांच्या वडिलांच्या पिढीला दूरदेश म्हणजे हैदराबाद, फार तर पुणे. लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ मध्ये. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले १९९४ मध्ये. याच काळात राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या निकालांमुळे 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रभर गाजला आणि तालुक्याच्या गावचा मुलगा पाच-सात वर्षांत अभियंता होऊन संगणकाच्या नोकरीत परदेशी पोहोचू लागला. म्हणजे ज्यांच्या आजोबांनी बैलगाडीने तुळजापूर गाठले, त्यांच्या नातवाने आईबापांना विमानाची तिकिटे पाठवली. एवढे मोठे अंतर एकाच पिढीत तुटल्यावर माणसाला ते लिहून ठेवावेसे वाटणे स्वाभाविक आहे. किंबहुना ते लिहिलेच पाहिजे. जिल्ह्याच्या सामाजिक इतिहासाचे हे साधन आहे, आणि म्हणूनच ते पोकळ निघाले की आम्हांला वाईट वाटते.

पोकळ का निघते? पहिले कारण वाङ्मयीन आहे. या सर्व लेखनावर पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ची छाया आहे. १९६० साली प्रसिद्ध झालेले, शि. द. फडणीस यांच्या चित्रांनी सजलेले ते पुस्तक मराठवाड्यातल्या शाळामास्तरांच्या घरातही पोहोचले. पतिपत्नी जोडीने परदेशी जातात, फजिती होते, त्या फजितीतून विनोद फुलतो, हा नमुना त्या पुस्तकाने घालून दिला. परंतु अनुकरण करणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानात येत नाही. पु. ल. गेले ते दूरचित्रवाणीचे तंत्र शिकण्यासाठी, बी.बी.सी.कडे. ते तेथे कामाचे मनुष्य होते. ज्यांच्या देशात गेले ते लोक त्यांचे कोणी लागत नव्हते. त्यामुळे त्यांना यजमानांची, स्वतःची आणि दोघांच्या संस्कृतींची थट्टा मोकळेपणाने करता आली. आमच्या निवृत्त गुरुजींचा यजमान त्यांचा स्वतःचा मुलगा असतो आणि घराची किल्ली सुनेच्या हाती असते. तेथे थट्टा करायची कोणाची? मग ती भांडी धुण्याच्या यंत्राची होते. यंत्राला राग येत नाही, हे खरे. पण यंत्राविषयीचा विनोद दुसऱ्या पानावर शिळा होतो, हेही खरे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. ते समजण्यासाठी 'अपूर्वाई'च्याही सत्तर वर्षे मागे जावे लागेल. पंडिता रमाबाई १८८६ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत उतरल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला हजर राहणे, हे तात्कालिक निमित्त. पुढे सुमारे पावणेतीन वर्षे त्या तेथे राहिल्या, गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या, विधवांसाठी काढायच्या शाळेला मदत मिळवली, आणि १८८९ साली त्यांचे मराठी पुस्तक निघाले. त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त'. या नावातला शब्दांचा क्रम आमच्या लेखकांनी नीट पाहावा. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. समुद्रप्रवास आणि आगमन पहिल्या प्रकरणात आटोपते. नंतर राज्यपद्धती, घरगुती स्थिती, शिक्षण, धर्मसंस्था व परोपकार, स्त्रियांची अवस्था, व्यापारउदीम. त्या देशाविषयी त्यांना मनःपूर्वक आदर होता. तरी तेथील कृष्णवर्णीयांना आणि मूळ रहिवाशांना मिळणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही.

रमाबाईंची बुद्धिमत्ता आम्ही कोणाकडून मागत नाही. तथापि एका बाबतीत आजच्या आईबापांची स्थिती रमाबाईंहूनही अनुकूल आहे, याचे भान त्यांना असू नये याचे नवल वाटते. रमाबाई पाहुण्या होत्या. हे लोक मात्र सहा महिने एका चालत्या संसारात, आत, स्वयंपाकघरापर्यंत राहतात. कोणत्याही पर्यटकाला न दिसणारी अमेरिका त्यांना दिसते. पाळणाघराचा महिन्याचा खर्च त्यांना ठाऊक असतो. घराचे कर्ज किती वर्षांचे आहे, कंपनीने माणसे कमी करायला सुरुवात केली की मुलगा रात्री उठून पाणी का पितो, कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी भारतीयांना किती वर्षे ताटकळावे लागते आणि तोवर ते सुंदर घर एका अर्थी तंबूच कसे असते, हे सारे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलेले असते. खरी लोकस्थिती ती. ती सोडून आमचे लेखक नायगाराची उंची देतात. ती कोणत्याही माहितीपुस्तिकेत मिळते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या राजर्षी शाहू महाविद्यालयात 'लातूर पॅटर्न' आकारास आला त्याचे प्राचार्य राहिलेले आणि पुढे नांदेडच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले डॉ. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रोंचे साहित्य आणि संस्कृती यांवर मराठीत ग्रंथ लिहिला आहे. म्हणजे अमेरिकेतल्या अन्यायाची आणि त्या अन्यायातून उगवलेल्या वाङ्मयाची ओळख खुद्द लातूरच्या माणसाने मराठी वाचकाला करून दिली. त्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचे आईबाप आज त्या देशात सहा-सहा महिने राहून येतात. त्यांच्या लेखांत कृष्णवर्णीय मनुष्य आलाच तर रात्री अमुक भागात जाऊ नये, या सूचनेपुरता येतो. आम्ही यावर अधिक भाष्य करीत नाही.

आता त्या दुपारच्या वेळेकडे वळू. लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. ज्या मनुष्याने चाळीस वर्षे संध्याकाळी त्या गोलाईला एक फेरी मारली, वाटेत दहा जणांना रामराम केला, एकाकडे चहा घेतला, तो मनुष्य अमेरिकेतल्या उपनगरात अशा गल्लीत येऊन पडतो की जिचे दुसरे टोक बंद असते. पायी जाण्याजोगे दुकान नाही. सार्वजनिक गाडी नाही. मोटार चालवता येत नाही. सकाळी साडेसातला मुलगा-सून कामाला जातात, घराचे दार बंद होते आणि काचेपलीकडे हिरवळीवर पाण्याचे फवारे आपोआप सुरू होतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आले होते. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात ज्यांनी घागरी रांगेत ठेवल्या, त्यांच्या मनात ते फवारे पाहून काय उमटते? कौतुक, राग, की दोन्ही? एकाही लेखात आम्हांला याचे उत्तर सापडले नाही. 'तेथे पाण्याची मुबलकता आहे', एवढेच वाक्य सापडले.

आमची तक्रार भावनांच्या प्रदर्शनाची मागणी म्हणून कोणी वाचू नये. रडगाणे आम्हांला नकोच आहे. परदेशी एकटे पडलेल्या वृद्धांविषयी अश्रू ढाळणारे लेखही आमच्याकडे येतात. ते या लेखांइतकेच साचेबंद असतात, फक्त साचा उलटा. जयवंत दळवी यांचे 'संध्याछाया' हे नाटक पुष्कळांनी पाहिले असेल. मुले दूर गेलेल्या घरातले नाना आणि नानी. त्या नाटकाचा शेवट काळाकुट्ट आहे. पण ते नाटक टिकले ते त्या काळेपणामुळे नव्हे. दोन म्हातारी माणसे दिवस कसा ढकलतात, कोणाला घरात बोलावून आणतात, कोणत्या क्षुल्लक गोष्टीवर तास तासभर बोलतात, हे दळवींनी बारकाईने पाहिले, म्हणून ते टिकले. मुले गेल्यावर मागे राहिलेले घर दळवींनी दाखवले. मुलांनी तिकडे उभे केलेले घर, आईबापांच्या डोळ्यांनी, मराठीत अजून कोणी तितक्या निकराने दाखवलेले नाही. ही जागा रिकामी आहे, आणि ती भरण्याचे साहित्य आमच्या वाचकांच्या कपाटांत डायऱ्यांच्या रूपाने पडून आहे, असा आमचा विश्वास आहे.

या लेखांतले 'आम्ही' हाही एक प्रश्न आहे. हे सर्वनाम आम्ही स्वतःही वापरतो, पण आमच्या 'आम्ही'त आमच्यावाचून कोणी नाही. त्या लेखांतल्या 'आम्ही'त पत्नी असते, निदान असावी. प्रत्यक्षात लेखक बहुधा पती असतो. 'आम्ही ग्रंथालयात जाऊ लागलो', 'आम्ही बागेत फिरू लागलो', असे तो लिहितो. त्या वेळी ती कोठे होती? बहुतेक वेळा ही वारीच सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणाच्या निमित्ताने निघालेली असते. पाहुण्याच्या परवान्यावर सर्वसाधारणतः सहा महिनेच राहता येते. म्हणून पहिले सहा महिने मुलीची आई, पुढचे सहा महिने मुलाची आई, अशा पाळ्या लावल्या जातात. विहीणबाई परत निघण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या विहीणबाई उतरतात आणि स्वयंपाकघरात डब्यांचा ताबा देण्याघेण्याचा छोटासा समारंभ होतो. हे श्रम आहेत. आनंदाचे असतील, मायेचे असतील, पण श्रम आहेत. आणि साठी उलटलेल्या, गुडघे दुखणाऱ्या बाईचे आहेत. पतीच्या लेखात त्यांना एक ओळ मिळते: 'सौ.चा वेळ बाळाबरोबर छान गेला.'

म्हणूनच एका लेखाविषयी येथे सविस्तर लिहिणे आम्हांला आवश्यक वाटते. तो आमच्याकडे आलेल्या अशा लेखांत सर्वांत लहान, फुलस्केपची अडीच पाने, आणि आमच्या मते सर्वांत चांगला. लेखिका लातूर जिल्ह्यातल्या निवृत्त परिचारिका. भाषा ओबडधोबड, विरामचिन्हांशी वैर. सहलीचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला. त्यांनी लिहिले आहे ते घराविषयी. घर लाकडी. रात्री तापमान उतरले की लाकूड करकरते. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची धरणी हादरली, त्यानंतर या बाई कित्येक दिवस जखमींच्या सेवेत होत्या. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाखालून काढलेली माणसे त्यांनी पाहिली आहेत. मुलाच्या घरी पहिल्या आठवड्यात लाकूड करकरले की त्या उठून दाराच्या चौकटीत उभ्या राहत. मग एकदा दिवसा त्यांनी भिंतीवर टिचकी मारून पाहिली, आत पोकळ, वर पातळ फळी. आणि लिहिले की हे घर पडले तरी माणूस मरणार नाही असे वाटले व त्या रात्री झोप लागली. संपूर्ण लेखात कोठेही 'भूकंप' आणि 'अमेरिका' यांची तुलना करण्याचा आव नाही. एका बाईला झोप का लागत नव्हती आणि मग का लागली, एवढेच आहे. परंतु लातूरच्या मनुष्याशिवाय दुसऱ्या कोणाला हा परिच्छेद लिहिता आला नसता.

त्याच लेखात पुढे सुनेचा उल्लेख येतो. सून कामावरून परतली की तिची मोटार घराखालच्या खोलीत शिरलेली ऐकू येई, पण ती वर यायला दहा मिनिटे लागत. बाईंनी एकदा जिन्यावरून पाहिले तर ती गाडीतच बसून होती. बाई काही बोलल्या नाहीत, मुकाट्याने चहाचे आधण उशिरा ठेवू लागल्या. हा मजकूर वाचल्यावर आम्ही थबकलो. लेख उत्तम, पण ज्या मुलीविषयी तो आहे ती जिवंत आहे, तिचे माहेर जवळच आहे आणि आमचे त्रैमासिक तिच्या माहेरीही जाते. सत्य आणि प्रीती या दोहोंचा मान राखायचा तर काय करावे? आम्ही बाईंना कळवले की, सूनबाईंची संमती असल्याशिवाय छापता येणार नाही. बाईंनी लेखाचे छायाचित्र सुनेला पाठवले. उत्तर आले, त्यात एकच दुरुस्ती होती. दहा नव्हे, पंधरा मिनिटे. आणि त्या वेळी ती आपल्या आईशी फोनवर बोलत असे, कारण वर आल्यावर सासूबाईंसमोर आईशी मोकळेपणाने बोलता येत नसे. बाईंनी ती दुरुस्ती जशीच्या तशी लेखात घातली. स्वतःविषयी एक शब्दही पुढे जोडला नाही.

आमच्या दृष्टीने याला समीक्षेत तोड नाही. ज्याच्याविषयी लिहिले त्याने लेखकाची नजर दुरुस्त करावी आणि लेखकाने ती दुरुस्ती स्वतःच्या विरुद्ध जात असताही छापावी, हे नामवंत आत्मचरित्रकारांनाही सहसा जमत नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. ते असते तर या अडीच पानांवर त्यांनी पाच पाने लिहिली असती, असे आम्हांला राहून राहून वाटते.

या लेखकांना आमच्याकडून एक नमुना सुचवावा असे मनात येते, आणि तो आमच्या वाचकांच्या घरोघर आहे. मुलाने परदेशी बोलावून घेतलेल्या म्हाताऱ्या बापाची सर्वांत जुनी गोष्ट उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. योसेफाने मिसर देशातून गाड्या पाठवल्या, आणि त्या गाड्या दृष्टीस पडल्यावरच याकोबाचा मुलाच्या निरोपावर विश्वास बसला. आजच्या भाषेत, तिकिटे हातात पडली. वाटेत बैरशेबा येथे तो थांबला, कारण इतक्या उतारवयात दूरदेशी उतरायला त्याचे मन धजत नव्हते. पोहोचल्यावर योसेफाने भावांना फारोसमोर काय बोलायचे ते आधीच शिकवून ठेवले: धंदा विचारला तर आम्ही गुरेढोरे पाळणारे आहोत असे सांगा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत जाण्यापूर्वी मुले फोनवरून आईबापांना जे पढवतात ते याहून वेगळे नसते. फारोने म्हाताऱ्याला वय विचारले. एकशे तीस, असे सांगून याकोब म्हणाला की आपले दिवस थोडे आणि कष्टाचे गेले. पुढे सतरा वर्षे तो तेथे राहिला.

या सगळ्या कथेत मिसर देशातले एकही प्रेक्षणीय स्थळ नाही. पिरॅमिड त्या वेळी उभे होते, नाईल वाहत होती, पण लेखकाने त्यांचा उल्लेखही केला नाही. मुलाने बापाच्या गळ्याला मिठी मारली, तो बराच वेळ रडला, बापाने तेथल्या राजाला आशीर्वाद दिला, आणि मरणापूर्वी मुलाकडून शपथ घेतली की मला येथे पुरू नकोस, माझ्या वाडवडिलांच्या जागी ने. मुलाचे वैभव, बापाचा संकोच, परक्या राजासमोर न झुकलेली मान आणि मातीची ओढ, सारे चार-दोन पानांत आले आहे. पवित्र ग्रंथाशी तुलना करून आम्ही कोणाला लाजवू इच्छीत नाही. वगळायचे काय आणि ठेवायचे काय, हा साधा लेखनाचा धडा तेथे आहे, इतकेच म्हणतो.

मातीची ओढ हा विषय निघालाच आहे तर आणखी एका गाळलेल्या जागेकडे लक्ष वेधतो. दर नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकाला आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो संगणकावरून देण्याची सोय झाली आहे, तरी नोव्हेंबर परदेशात काढणाऱ्या म्हाताऱ्यांची त्या महिन्यातली घालमेल आम्ही त्यांच्या बोलण्यातून ऐकली आहे. बँकेतल्या कारकुनाला पाठवलेले निरोप, शेजाऱ्याला केलेले फोन, यंत्रावर न उमटणारा अंगठा. सोबत दुसरी चिंता: तेथे आजारी पडलो तर? पाहुण्यांसाठी काढलेल्या विम्यात जुन्या दुखण्यांचा खर्च बहुधा धरला जात नाही. म्हणजे छातीत कळ आली तर मुलाच्या डोक्यावर डोंगर. म्हणून पुष्कळ जण दुखणे अंगावर काढतात आणि परतल्यावर नांदेडच्या डॉक्टरांना दाखवतात. आपण मुलाच्या घरी गेलो आहोत, पण तेथे आपल्याला आजारी पडण्याची मोकळीक नाही, ही जाणीव कोणत्या आईबापांना झाली नसेल? ती लिहिली जात नाही. कारण हे लेख वाचणार कोण, तर गल्लीतले शेजारी, शाळेतले जुने सहकारी, मुलीकडचे नातलग. त्यांच्यासमोर मुलाचे यश उणे दिसता कामा नये. लेख म्हणजे मुलाचे गुणपत्रकच. आणि गुणपत्रकात कोणी दुपारची उदासी लिहीत नाही.

यावर एक निवृत्त गुरुजी आम्हांला म्हणाले, "फादर, मुलानं एवढा खर्च केला, कामं टाकून आम्हाला हिंडवलं. आता त्याच्या घरातलं बाहेर काढू का?" हा प्रश्न खोटा नाही. कृतज्ञतेपोटी बाळगलेले मौन आम्ही दोष म्हणून मोजत नाही. पण मग त्यांनी लेख तरी का लिहावा? पत्र लिहावे, मुलाला, आणि त्यात मनःपूर्वक आभार मानावेत. लेख लिहायचा तर परिचारिकाबाईंनी केले तसे करता येते: आधी घरच्यांना दाखवावे, त्यांचे ऐकावे, आणि जे उरेल ते लिहावे. पुष्कळदा असे दिसते की जे झाकून ठेवावे म्हणून आईबाप धडपडतात ते मुलांना आधीच ठाऊक असते.

आमच्या टपालात सध्या असे चार लेख आहेत. तिघांचा शेवट मुंबईच्या विमानतळावर होतो. चौथा, नांदेडच्या एका दांपत्याचा, थोडा पुढे येतो. देवगिरीने ते सकाळी नांदेडला उतरतात, सहा महिने बंद असलेले दार उघडतात, भिंतीवरची दिनदर्शिका अजून त्यांच्या जाण्याच्या महिन्यावर असते. दिवसरात्रीचे गणित बिघडल्यामुळे पहिले तीन दिवस मध्यरात्री दोनलाच दोघांना जाग येते. उठून चहा करतात आणि उजाडेपर्यंत बसतात. मुलाच्या घरी भिंती पातळ होत्या, त्यामुळे सहा महिने दोघे रात्री हळू आवाजातच बोलत. 'त्या तीन रात्री आम्ही पुष्कळ बोललो', असे गुरुजींनी लिहिले आहे आणि पुढे लगेच गोदावरीच्या पुराची बातमी दिली आहे. आम्ही लेख त्यांच्याकडे परत पाठवला आहे, त्या वाक्याखाली रेघ मारून. त्या तीन रात्री काय बोलणे झाले तेवढे, आणि शक्य तर बाईंच्या हस्ताक्षरात, आम्हांला हवे आहे. पुढच्या अंकात चार पाने राखून ठेवली आहेत.